आधी हलकं चावायला शिकवा, मग चावणं थांबवा

तुम्ही लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. पिल्लू ११ आठवड्यांचं आहे, घरी येऊन तीन आठवडे झालेत. हात, घोटे, कपडे, जे तोंडापुढे येईल त्याला चावतं. संध्याकाळी सात ते नऊ तर अजिबात आवरत नाही. सात वर्षांची मुलगी त्या वेळी सोफ्यावर पाय वर घेऊन बसते. बेल वाजली की भुंकतं, तुम्ही जेवायला बसलात की तुमच्याकडे बघून भुंकतं, रात्री दिवे मालवून सगळे झोपायला गेले की भुंकतं. वर्तमानपत्राची गुंडाळी, तोंड दाबून धरणं, मोठ्याने ओरडणं हे सगळं करून झालं आणि चावणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. आता कुणीतरी सांगितलंय की त्याला उताणं पाडून दाबून धरा, म्हणजे मालक कोण ते त्याला कळेल. आणि तुमचा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे: हे पिल्लू पुढे रागीट निघणार का?

जवळजवळ नक्कीच नाही. मी १९ वर्षं पिल्लांना आणि त्यांच्या माणसांना शिकवते आहे. तुम्ही वर्णन केलंय तसं पिल्लू माझ्याकडे दर आठवड्याला येतं. चावत नाही असं ११ आठवड्यांचं पिल्लू समोर आलं, तर मी आधी त्याची तब्येत विचारते.

‘जवळजवळ’ म्हणाले, कारण मी त्याला पाहिलेलं नाही. काही गोष्टी दिसल्या तर माझं मत बदलेल. खेळताना चावणारं पिल्लू सैल असतं. मागचा भाग वर, पुढचे पाय पसरलेले, अंग वळवळतंय, चावून लगेच उडी मारून लांब जातं आणि परत येतं. याउलट जेवणाच्या भांड्याजवळ कुणी आलं की ते ताठ होत असेल, खाणं थांबवून डोळे रोखून बघत असेल, किंवा अंगाच्या एका ठरावीक जागी हात लागला की वळून चावत असेल, तर ते खेळणं नव्हे. पहिल्यात त्याला हातातलं जाईल ही भीती आहे, दुसऱ्यात बहुधा दुखणं आहे. तसं काही असेल तर पुढचं वाचण्याआधी पशुवैद्याला दाखवा. तुमच्या वर्णनात मात्र तसं काहीच नाही.

तुम्ही ‘चावणं आणि भुंकणं’ अशी एक जोडी केलीय. मला इथे चार वेगवेगळे प्रश्न दिसतात: एक चावण्याचा, आणि तीन भुंकण्याचे. तिन्ही भुंकण्यांचं कारण निराळं आहे, म्हणून उपायही निराळा. आणि या सगळ्यांच्या खाली एक पाचवी गोष्ट आहे, ती तुम्ही लिहिलेलीच नाही. झोप.

तिथूनच सुरुवात करते, कारण सात ते नऊ या वेळेने माझं लक्ष वेधलं.

या वयाच्या पिल्लाला दिवसातून १८ ते २० तास झोप लागते. ऐकून बहुतेकांना खोटंच वाटतं, कारण त्यांचं पिल्लू तेवढं झोपत नसतं. घरात ये-जा असते, टीव्ही असतो, मूल शाळेतून येतं, प्रत्येक जण येऊन त्याला उचलून घेतो. पिल्लू दमतं, पण दमलेलं मूल जसं झोपायच्या ऐवजी किरकिर करतं, तसं दमलेलं पिल्लू चावतं. त्याला चेव चढतो. डोळे विस्फारलेले, कान मागे, घरभर सुसाट धावणं, आणि मग जो पाय दिसेल त्याला दात. माणसं समजतात की याला अजून खूप शक्ती आहे, अजून खेळवू या. खेळवलं की आणखी चेव चढतो. मग ओरडा, मग मार, मग दोघांचेही डोळे लाल.

माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, पिल्लू तुमच्याच पिल्लाच्या वयाचं. आईच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे होते आणि पिल्लू परत देऊन टाकायचं जवळपास ठरलं होतं. मी त्यांना काहीही शिकवलं नाही. एक वही दिली आणि म्हटलं, चार दिवस फक्त लिहा: किती वाजता झोपलं, किती वाजता उठलं, किती वाजता जोरात चावलं. बेरीज साडेअकरा तास आली. चावण्याच्या जवळजवळ सगळ्या नोंदी सलग दोन तास जागं राहिल्यानंतरच्या होत्या. आम्ही एका शांत खोलीच्या कोपऱ्यात जाळीचं छोटं कुंपण घातलं, आत अंथरूण आणि पाणी ठेवलं, आणि तासभर जागं राहिलं की पिल्लाला तिथे न्यायचं ठरवलं. आठवड्याभरात संध्याकाळचं चावणं अर्ध्यावर आलं. शिकवणं त्यानंतर सुरू केलं.

तुम्हीही तेच करा. साधारण एक तास जागं, दीड-दोन तास झोप. जागेपणाच्या तासात शी-शू, जेवण, थोडं खेळणं, दोन-तीन मिनिटांचं शिकणं, आणि शेवटची दहा मिनिटं काहीतरी संथ, म्हणजे चघळणं किंवा चाटणं. मग झोप. कुंपण ही शिक्षेची जागा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. रागाच्या भरात त्याला तिथे नेऊन टाकू नका. आत गेल्यावर पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसा. झोपलेल्या पिल्लाला कुणी उठवायचं नाही, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही. संध्याकाळची सातची वेळ यायच्या आधी, सहाच्या सुमारास, त्याची एक चांगली झोप झालेली असू द्या. जेवणही बघा. या वयात दिवसातून तीन-चार वेळा लागतं, आणि उपाशी पिल्लू जास्त चावतं.

आता चावण्याकडे.

पिल्लाला २८ दुधाचे दात असतात, आणि ते सुईसारखे टोकदार असतात. जबड्यात मात्र अजून जोर नसतो. म्हणून त्याचं चावणं दुखतं खूप, पण मोठी इजा करत नाही. निसर्गाने पिल्लाला ही शिकण्याची मुदतच दिलेली आहे. भावंडांशी खेळताना एकाने जोरात चावलं की दुसरं कुईं करतं आणि खेळ सोडून निघून जातं. एवढ्या जोराने चावलं की खेळ संपतो, हे चावणाऱ्याला कळतं. असं शेकडो वेळा झालं की त्याला आपल्या जबड्याचा अंदाज येतो. पिल्लू आठ आठवडे पूर्ण होण्याआधी आईपासून तोडू नये, त्याचं हे एक मोठं कारण आहे. पण आठव्या आठवड्यात ते शिक्षण पूर्ण झालेलं नसतं. उरलेलं तुम्हाला करायचं असतं. जवळपास लसीकरण झालेलं, त्याच वयाचं दुसरं पिल्लू असेल तर ते हे काम तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं करेल.

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हे. पहिल्याच दिवसापासून ‘चावायचं नाही’ एवढंच शिकवू नका. आधी ‘हलकं चाव’ शिकवा, मग ‘चावू नको’ शिकवा. पशुवैद्य आणि प्रशिक्षक इयन डनबार यांनी कित्येक दशकं या क्रमावर भर दिला आहे, आणि मलाही अनुभवाने तोच पटला. कारण असं आहे: कितीही गुणी कुत्रा असला तरी त्याच्या आयुष्यात कधीतरी दारात शेपूट चेंगरतं, झोपेत कुणाचा पाय पडतो, जखमेला औषध लावावं लागतं. त्या क्षणी तो वळून तोंड लावणारच. ज्याला जबड्याचा अंदाज आहे तो ओला ओठ टेकवून थांबतो. ज्याला फक्त ‘दात लावायचे नाहीत’ एवढंच धाकाने शिकवलंय, त्याने आपला जोर कधी मोजलेलाच नसतो. काही प्रशिक्षक पहिल्या दिवसापासून दात अजिबात चालवून घेत नाहीत, आणि त्यांच्या हाताखालची बरीच कुत्रीही चांगली निघतात. घरात अगदी तान्हं बाळ असेल किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारं वयस्क माणूस असेल, तर मीही त्यांच्यासारखंच करेन. तुमच्या घरात मोठ्यांसाठी मी हा क्रम ठेवेन, मुलीसाठी वेगळा नियम. तिच्याकडे शेवटी येते.

प्रत्यक्षात कसं करायचं? खेळताना त्याने हातात दात घेतले आणि दाब हलका आहे, तर पहिला आठवडाभर दुर्लक्ष करा. जोरात चावलं की हात ढिला सोडा. झटक्याने ओढू नका, कारण पळणारा हात म्हणजे त्याच्यासाठी पळणारं सावज. ओरडू नका, रागावून बघू नका. उठा, आणि कुंपणाच्या किंवा दाराच्या पलीकडे जा. पंधरा-वीस सेकंद, त्याहून जास्त नाही. परत या आणि काही झालंच नाही असं वागा. पुन्हा जोरात चावलं, पुन्हा जा. तीनदा लागोपाठ झालं तर ते दमलंय असं समजा आणि झोपवा. पुढच्या आठवड्यात मधल्या जोराच्या चावण्यालाही उठून जा. मग हलक्यालाही. असं करत तीन-चार आठवड्यांत ‘कातडीला दात लागला की खेळ संपला’ इथपर्यंत येता येतं.

यात एक अडचण येते, ती आधीच सांगून ठेवते. सुरुवातीचे तीन-चार दिवस चावणं वाढेल. आजवर जे केल्यावर तुम्ही ओरडत होतात, हात हलवत होतात, म्हणजे त्याच्या हिशेबाने खेळत होतात, ते एकाएकी बंद पडलं की पिल्लू आधी जोर लावून बघतं. नेमक्या याच टप्प्यावर माणसं ‘हे आमच्या पिल्लाला लागू पडत नाही’ म्हणून सोडून देतात. तेवढे दिवस काढा. आणि घरातल्या सगळ्यांनी एकसारखं वागा. एक जण उठून जातो आणि दुसरा हात नाचवून कुस्ती खेळतो, असं झालं तर पिल्लू शिकणारच नाही. हाताने खेळवायचंच नाही. खेळायला लांब दोरीचं किंवा लांबट कापडी खेळणं घ्या, म्हणजे दात आणि बोटं यांत हातभर अंतर राहील.

भावंडांसारखं ‘कुईं’ करून दाखवा असं तुम्ही कुठेतरी वाचलंच असेल. काही पिल्लांना ते कळतं, ती थबकतात. काहींना, विशेषतः शिकारी किंवा गुरं राखणाऱ्या जातींच्या पिल्लांना, त्या आवाजाने आणखी चेव येतो. दोनदा करून बघा. थबकलं तर ठेवा, जास्त तुटून पडलं तर सोडून द्या.

घोट्यांसाठी एक सोपी गोष्ट. चालणारे पाय त्याला पाठलागाला बोलावतात. थांबा. झाडासारखे उभे राहा. त्याने सोडलं, वर बघितलं, की खिशातला त्याच्या कोरड्या खाद्याचा एक दाणा त्याच्या नाकापुढे नव्हे, तुमच्या पावलाजवळ जमिनीवर टाका. चावायचं सोडून तुमच्या पायाशी चालणं त्याला जास्त फायद्याचं वाटायला लागेल. हे दाणे त्याच्या रोजच्या जेवणातूनच बाजूला काढून ठेवा, वेगळा खाऊ भरवून पोट बिघडवू नका.

आता वर्तमानपत्राची गुंडाळी, तोंड दाबणं आणि उताणं पाडणं. तुम्ही हे केलंत म्हणून तुम्हाला बोल लावत नाही. मीही पहिली दोन वर्षं तोंड दाबून धरायला शिकवत होते, कारण मला तसंच शिकवलं गेलं होतं. त्या काळात मी एका पिल्लाला तसं ‘सुधारलं’. चावणं थांबलं, घरचे खूश झाले. आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला: कुत्रा चेहऱ्याकडे येणारा कुठलाही हात बघितला की दबतो, आणि काल एका मुलाने कुरवाळायला हात पुढे केला तर त्याने झडप घातली. त्या मुलाला लागलं नाही. पण त्या कुत्र्याला हाताचा धसका मी दिला होता, हे मी विसरले नाही. तुमच्या पिल्लाचंही चावणं मारल्यावर वाढलं, त्याची दोनच कारणं संभवतात. एक तर त्याला तो दांडगाईचा खेळ वाटतो, किंवा ते हाताला घाबरून स्वतःला वाचवतंय. दोन्हीत हात त्याचा शत्रू ठरतो.

उताणं पाडण्याचा सल्ला कुठून आला तेही सांगते. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांच्या वागण्याबद्दल लिहिलं. ते लांडगे एका जागी कोंडलेले होते, त्यांच्यात जागेसाठी आणि मानासाठी मारामाऱ्या चालत. त्यावरून ‘कळपाचा म्होरक्या दांडगाईने ठरतो’ ही समजूत पसरली आणि ती कुत्र्यांनाही चिकटवली गेली. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ मध्ये स्पष्ट मांडलं की रानातला कळप म्हणजे साधारणपणे एक कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची पिल्लं. त्यात म्होरकेपणासाठी रोजची झुंज नसते. तुमचं पिल्लू तुमची जागा बळकवायला बघत नाहीये. ते ११ आठवड्यांचं आहे, आणि त्याला झोप येतेय. उताणं पाडून दाबलेलं पिल्लू शेवटी शांत पडतं, ते मालक कळला म्हणून नव्हे, सुटका नाही हे कळलं म्हणून.

गुरगुरण्याबद्दलही एवढ्यातच सांगते. कधी ते गुरगुरलं तर त्याबद्दल रागावू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. ती दाबून टाकली तर तोच कुत्रा पुढे सूचना न देता चावतो.

साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतील, आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ दात येतील. या काळात तुम्हाला वाटेल, सगळं शिकवलेलं वाया गेलं. तसं नसतं, हिरड्या शिवशिवतात. ओलं करून पीळ दिलेलं फडकं फ्रीजरमध्ये गोठवून द्या. चघळायला देताना अंगठ्याचं नख त्यात रुतवून बघा. रुतलंच नाही तर ती वस्तू दातांना फार कडक. शिजवलेली हाडं देऊ नका, ती फुटून टोकदार तुकडे होतात. खेळण्यावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नका. मात्र नवा सुळा आला आणि जुना तिथेच ठाम असेल तर पशुवैद्याला दाखवा.

म्हणजे आतापर्यंत: झोप आधी, मग दाबाचा अंदाज, मग दात बंद, आणि हाताची भीती कुठेही नाही. आता भुंकण्याचे तीन प्रश्न.

बेल वाजल्यावरचं भुंकणं सगळ्यात आधी हाताळा, कारण त्याला मुदत आहे. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये आपल्या दीर्घ अभ्यासातून हे मांडलं, आणि पिल्लांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाला ते रोज दिसतं. तुमच्या पिल्लाची ती मुदत संपत आलीय. त्याचं बेलवरचं भुंकणं बघा: पुढे धावत जाऊन भुंकतं की मागे सरकत? शेपूट वर की पोटाशी? मागे सरकत असेल तर ती भीती आहे, आणि भीतीला ‘गप्प’ म्हणून काही उपयोग नसतो. बेलचा आवाज फोनवर टिपून घ्या. ते निवांत असताना अगदी हळू आवाजात वाजवा, आणि वाजला की लगेच चार-पाच दाणे जमिनीवर विखरून टाका. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा. आवाज हळूहळू वाढवा. आठवड्याभरात बेल वाजली की ते दाराकडे बघायच्या ऐवजी तुमच्याकडे बघायला लागेल. तिथपर्यंत आलात की दाणे दारापाशी न टाकता त्याच्या अंथरुणावर टाका. बेल म्हणजे अंथरुणाकडे धावायचं, ही सवय आयुष्यभर पुरते.

याच आठवड्यांत त्याला माणसं दाखवा. छत्रीवाली, काठीवाली, हेल्मेट घातलेली, धावणारी मुलं. लसी पूर्ण झालेल्या नसतील तर अनोळखी कुत्री फिरतात तिथे जमिनीवर सोडू नका, कडेवर घेऊन लांबून दाखवा. कुणी त्याला हात लावायलाच हवा असं नाही. बघितलं, काही वाईट झालं नाही, खाऊ मिळाला, एवढं पुरे.

जेवताना तुमच्याकडे बघून भुंकणं ही मागणी आहे. त्याला कधीतरी कुणीतरी ताटातलं दिलंय, किंवा निदान ‘गप्प बस रे’ म्हणून लक्ष दिलंय. रोज देणाऱ्या घरापेक्षा पाचातून एकदा देणाऱ्या घरात ही सवय जास्त घट्ट होते, कारण पिल्लू शिकतं की चिकाटी ठेवली तर मिळतं. म्हणून इथे एकच नियम: भुंकल्यावर काहीही नाही, नजरसुद्धा नाही. पण नुसतं दुर्लक्ष हे अर्धंच काम. तुम्ही ताटावर बसायच्या आधीच त्याला कुंपणात चाटायला किंवा चघळायला काहीतरी देऊन ठेवा. भुंकायला लागल्यावर दिलंत तर ते भुंकण्याचं बक्षीस होईल.

‘गप्प’ हा शब्द याच ठिकाणी शिकवता येतो, पण उलट्या बाजूने. ते भुंकून श्वास घ्यायला थांबतं, त्या क्षणी शांतपणे ‘गप्प’ म्हणा आणि दाणा द्या. आधी एका सेकंदाची शांतता, मग तीन, मग पाच. भुंकत असताना ओरडून ‘गप्प’ म्हटलं तर त्याच्या कानाला तुम्हीही भुंकताय.

रात्रीचं भुंकणं. इथे मला अनेक जाणत्यांशी असहमत व्हावं लागतं. ‘रडू द्या, दोन-चार रात्रींत गप्प होईल’ असं सांगतात. गप्प होतंही. पण तीन आठवड्यांपूर्वी ते भावंडांच्या अंगावर अंग टाकून झोपत होतं, आता अंधारात एकटं आहे. त्याचं भुंकणं हट्ट नाही, ते हाक मारतंय. अंथरूण तुमच्या पलंगाशेजारी आणा, हात खाली सोडला की त्याला लागेल इतकं जवळ. पहिल्याच रात्री फरक दिसेल. पुढे दर तीन-चार दिवसांनी हातभर लांब न्या, म्हणजे महिन्याभरात ते हवं तिथे झोपेल. रात्री मध्येच कुरकुरलं तर शूसाठी उठवतंय असं समजा. जितके महिने वय, त्यात एक मिळवा, साधारण तेवढे तास ते दिवसा कळ काढू शकतं. रात्री थोडं जास्त. बाहेर न्या, दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही, परत अंथरुणात.

भुंकणं थांबवणारे विजेचे झटके देणारे किंवा वासाचे फवारे मारणारे गळपट्टे घेऊ नका. ते आवाज बंद करतात, आवाजामागचं कारण आत तसंच ठेवतात. विजेच्या गळपट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

किती दिवस लागतील? संध्याकाळचा धुमाकूळ झोप सुधारली की आठ-दहा दिवसांत उतरतो. दात लावणं पूर्ण थांबायला पाच-सहा महिन्यांचं वय उजाडतं. आठव्या महिन्याच्या आसपास ते पुन्हा ऐकेनासं होईल. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की वयात येताना कुत्री अनोळखी माणसापेक्षा स्वतःच्या माणसाचंच कमी ऐकतात. तेव्हा मनाला लावून घेऊ नका, आणि आवाजही चढवू नका.

एक गोष्ट शिकवण्याची नाही, पण सोडून चालणार नाही. दाताने कातडी फाटली, अगदी बारीक ओरखडा आला आणि रक्त दिसलं, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. घरचंच पिल्लू आहे, इवलंसं आहे, म्हणून टाळू नका. या वयाच्या पिल्लाला बहुधा रेबीजची लस अजून मिळालेली नसते. त्याच्या लसीची तारीखही पशुवैद्याकडून आजच ठरवून घ्या.

आता तुमची मुलगी. तुमच्या प्रश्नात ती एकाच वाक्यात येऊन गेली, पण माझ्या मनातून जात नाही. सात वर्षांच्या मुलीला त्या पिल्लाची किती वाट बघावी लागली असेल, आणि आता त्याच्यामुळे तिला सोफ्यावरून खाली उतरता येत नाही.

तिच्यासाठी हलकं चावणं, जोरात चावणं असा क्रम नाही. तिच्या अंगाला दात लागताच कामा नये, आणि ती जबाबदारी तिची नाही, तुमची आहे. मोठं माणूस हाताच्या अंतरावर नसेल तेव्हा दोघांच्या मध्ये जाळी हवी. सात ते नऊ तर हवीच. तिला एक गोष्ट शिकवा: पिल्लू अंगावर आलं तर धावायचं नाही, किंचाळायचं नाही. हात छातीशी घडी घालून, नजर वर करून, झाड व्हायचं. पिल्लू दूर असताना तुमच्याबरोबर याचा खेळ करून घ्या, म्हणजे वेळेला आठवेल. आणि झोपलेल्या, खाणाऱ्या पिल्लाला तिने हात लावायचा नाही.

मग तिला एक काम द्या. पिल्लाच्या सकाळच्या जेवणातले मूठभर दाणे तिच्याकडे द्या. सकाळी, कारण तेव्हा ते ताजंतवानं असतं. ती जाळीच्या अलीकडे, पिल्लू पलीकडे. त्याने बूड टेकलं की तिने एक दाणा जाळीवरून आत टाकायचा. उड्या मारतंय, भुंकतंय, तर नुसतं थांबायचं. मुलांना हे भराभर जमतं, कारण त्यांना समोरच्याचं बूड टेकतंय का हे बघायचा कंटाळा येत नाही. चार-पाच दिवसांत तिला जाळीकडे येताना बघूनच पिल्लू बसायला लागेल. मग एक दिवस ती तुम्हाला विचारेल की जाळी काढू का. काढायच्या आधी त्याला गळपट्ट्याला हलकी दोरी लावून तुमच्या हातात धरा. ती उभी, पिल्लू बसलेलं, दाणा जमिनीवर. पहिल्या दिवशी एवढंच, दोन मिनिटं. तिने स्वतःहून विचारेपर्यंत मात्र तिला सोफ्यावरून खाली उतरवू नका.